माझ्या बाजूने सुलट

मंगळवारी साडेचार वाजता ताईने आमच्याच घरातल्या आमच्याच खोलीचं दार वाजवलं.

दार उघडं होतं. मी टेबलापाशी दगड पुसत बसले होते. वर बघितलं तर ती दारात उभी, थेट छापखान्यातून आलेली, बोटांना शाई, खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावरच. किल्ली विसरलीस का, मी विचारलं. नाही म्हणाली. आत्ता कुणी यायचंय का, तिने विचारलं. कुणी यायचं नव्हतं. मग मला एक दगड काढायचाय, असं ती म्हणाली, आणि परक्या घरी आल्यासारखी खुर्चीच्या कडेवर टेकली.

वीस वर्षांत पहिल्यांदा. वीस वर्षं ती या दगडांना ‘तुझ्या गोट्या’ म्हणत आली होती.

*

थोडं मागे जाते. फार नाही, परवाच्या रविवारपर्यंत. पण त्याआधी आम्ही दोघी काय करतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल.

मी रून वाचते. रून म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली फार जुनी अक्षरं. चोवीस आहेत. सगळी सरळ रेघांची, कारण ती लाकडावर नाहीतर दगडावर कोरायची असत आणि वळण कोरताना हात दुखतो. माझ्याकडची अक्षरं नदीतल्या चपट्या दगडांवर आहेत. माणूस मनात प्रश्न धरतो, पिशवीत हात घालतो, एक दगड काढून टेबलावर ठेवतो. प्रत्येक अक्षराला नाव, प्रत्येक नावाला अर्थ. घोडा, गारा, प्रवास, बर्फ, भेट, घर. अक्षर सुलट पडलं तर एक अर्थ, उलटं पडलं तर दुसरा. चार ते सात एवढ्या वेळात लोक येतात. खालची शिंपीण येते, दोन शिक्षिका येतात, त्या एकमेकींना माहीत नाहीत. एक दंतवैद्य येतात, ते गाडी आमच्या दारात लावत नाहीत, पलीकडच्या गल्लीत लावतात.

ताई जुळारी आहे. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी लावायच्या, चौतीस वर्षं. आता असं काम जवळजवळ कुठेच होत नाही. तिच्या मालकांच्या हट्टामुळे तिथे चालू आहे. भेटकार्डं, शाळेची प्रमाणपत्रं, आणि कवितांची बारीक पुस्तकं, ज्यांच्या कवींना वाटतं की अक्षर बोटाला लागलं पाहिजे. जुळारी हा शब्द लोकांच्या कानावरून गेलाय. फोनवर एका बाईने तिला विचारलं होतं, तुम्ही लग्नं जुळवता का? ताई म्हणाली, हो, पण फक्त कागदावरची.

आमचं भांडण जुनं आहे आणि ते अक्षरावरून आहे. ताईचं म्हणणं, अक्षराला अर्थ नसतो, शब्दाला असतो. एक खिळा हातात घेऊन कुणी विचारलं की याचा अर्थ काय, तर त्याला पाणी द्यावं आणि घरी पाठवावं. माझं म्हणणं, तू ‘ये’ म्हणतेस, ‘जा’ म्हणतेस, ‘हो’ म्हणतेस, ती एकेकच अक्षरं आहेत, त्यांना अर्थ नाही? ती म्हणते, मात्रा आणि काना वेगळे खिळे असतात, ते मोज. मी म्हणते, मोजायला मी छापखान्यात नाही. आणि मग कुणीतरी दिवा लावतं.

तरी माझ्या खोलीतला नियमांचा कागद तिनेच जुळवून छापून दिलाय. भिंतीवर आहे.

१. प्रश्न एक असावा.
२. दगड न पाहता डाव्या हाताने काढावा.
३. दगड विचारणाऱ्याच्या बाजूने वाचला जाईल.
४. उत्तर आवडलं नाही म्हणून दुसरा दगड काढू नये.

तिसऱ्या नियमाखातर मी लोकांना माझ्या शेजारी बाकावर बसवते, एकाच बाजूला. म्हणजे मला सुलट ते त्यांनाही सुलट. टेबलापलीकडे एक खुर्ची आहे, ती ओले कोट टाकायला.

ताई त्या खुर्चीवर बसली.

*

आता रविवार.

आम्ही चादरीची घडी घालत होतो, दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. बाइंडरने मला विचारलंय, ती म्हणाली.

बाइंडर म्हणजे तिच्याच छापखान्यात मागच्या खोलीत बसणारे, पुस्तकं शिवणारे. साठीच्या अलीकडचे, बायको जाऊन नऊ वर्षं झाली, बोलणं कमी, खळ शिजवताना मात्र गुणगुणतात. समुद्राकाठच्या एका गावात, रेल्वेने अकरा तासांवर, त्यांच्या तीन खोल्या आहेत. तिथल्या वाचनालयाने त्यांना चार हजार फाटक्या पुस्तकांचं काम दिलंय. ते आयुष्यभर पुरेल, असं ते म्हणतात, आणि आयुष्य म्हणजे किती असं कुणी विचारलं की हसतात.

त्यांनी ताईला तोंडाने विचारलं नाही. खिळे जुळवले. आयुष्यात पहिल्यांदा. दुपारी ती जेवायला गेलेली असताना तिच्या दगडी पाटावर एक ओळ लावून ठेवली:

माझ्या घारात याल का

त्यांना ‘घरात’ म्हणायचं होतं. एक काना जास्त पडला. घार म्हणजे तो वर घिरट्या घालणारा पक्षी. ताईने ओळ वाचली. मग तिने त्या ओळीला शाई लावली, कागदावर तपासणीचा छाप काढला, लाल पेन्सिलीने त्या कान्याभोवती गोल केला, समासात काढून टाकण्याची खूण केली, आणि कागद नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. दुसरं काही लिहिलं नाही. तिचं असंच आहे. चूक दिसली की हात थांबत नाही, बाकीचं मागून.

बाइंडर तो कागद खिशात घेऊन तीन दिवस फिरले. हा होकार आहे की नकार, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी मशीनवाल्याला दाखवला. मशीनवाल्याने तो उजेडाकडे धरला आणि म्हणाला, दुरुस्तीसह मंजूर दिसतंय. मग कुठे ते ताईसमोर येऊन उभे राहिले आणि नीट बोलले. शनिवारच्या गाडीने निघतोय, तुम्ही लगेच या असं नाही, पण येणार की नाही ते त्याआधी सांगा.

हे सगळं तिने चादरीची घडी होईपर्यंत सांगितलं. मी माझी टोकं सोडली होती. हं, नीट धर, ती म्हणाली.

छान, मी म्हटलं.

आणि दूध उतू जातंय का बघायला गेले. गॅसवर दूध नव्हतं.

*

माझ्या बाजूने:

ताईने डावा हात पिशवीत घातला. शाईने काळी झालेली बोटं आत दगडांवरून फिरताना मला ऐकू येत होती. तिने प्रश्न मोठ्याने सांगितला, तशी गरज नसते. जावं का, एवढाच. मी तिला म्हणायला हवं होतं की ताई, इकडे ये, बाकावर बस. वीस वर्षं प्रत्येकाला म्हणत आले. शिंपिणीला म्हणते, दंतवैद्यांना म्हणते. जीभ उचलली नाही.

तिने दगड ठेवला. ओथला.

ओथला म्हणजे पतंगासारखा एक चौकोन, टोकावर उभा, आणि त्याच्या खालच्या टोकातून फाकलेले दोन पाय. सुलट असला की वाटतं कुणीतरी जमिनीवर घट्ट उभं आहे. उलटा असला की त्याच पायांचे हात होतात आणि ते वर जातात. अर्थांचा माझा कागद आहे, तोही ताईनेच छापलेला. त्यावर असं: ओथला. सुलट – घर; आईवडिलांकडून आलेली जागा; आहात तिथे राहा. उलट – घर सुटेल.

माझ्याकडून तो सुलट होता. दोन्ही पाय माझ्याकडे रोखलेले. म्हणजे तिच्याकडून उलटा. विचारणाऱ्याच्या बाजूने उलटा.

मी वाट बघत बसले. ती म्हणेल, उलटा आहे गं. तिला नियम पाठ आहे, ‘वाचला जाईल’ की ‘वाचण्यात येईल’ यावरून आमचं दोन दिवस भांडण झालं होतं.

ताई दगडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सुलट आहे, ना?”

मी म्हटलं, “हो.”

*

वार: मंगळवार
कोण: ताई
प्रश्न: जावं का
दगड: ओथला
कसा पडला: सूलट
काय सांगितलं: हो

ही माझ्या वहीतली नोंद; ‘हो’ हे दगड सुलट आहे याला, जाण्याला नाही. मी प्रत्येकाची ठेवते. ताई माझ्या पाठीमागे ती वही वाचते आणि लाल पेन्सिलीने माझं ऱ्हस्व-दीर्घ सुधारते. मला ते आवडत नाही, असं मी दाखवते. दंतवैद्यांच्या एका नोंदीत मी ‘भिती’ लिहिलं होतं तर तिने वर दीर्घ ईकार देऊन बाजूला लिहिलं होतं, एवढ्या मोठ्या माणसाची भीती जरा मोठी असू दे.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. भूक नाही म्हणाली, पाणी प्यायली, भांडी घासली, माझं ताट मी जेवत असतानाच उचलायला आली. मी म्हटलं, अगं थांब. मला वाटलं, निर्णय झाल्यावर माणसाला असं होत असेल. मला असंही वाटलं की तिला दगड उलटा दिसला होता. दिसला होता, कळला होता, आणि तरी तिने मुद्दाम सुलट म्हटलं. म्हणजे तिला राहायचं होतं, फक्त ते दगडाच्या तोंडून हवं होतं. मी नुसतं हो म्हटलं. माझं त्यात काय? मी तर तिच्या मनासारखं

हे वाक्य मी त्या दिवशी पुरं केलं नाही.

*

बुधवारी सकाळी चहा.

टेबलाच्या माझ्या बाजूला मी पेपर पसरून वाचत होते. समोर ताई, कपात बोट बुडवून चहा किती गरम आहे ते बघत. ती म्हणाली, “शनिवारच्या गाडीची वेळ बदलली. सातऐवजी साडेआठ.”

कुठे, मी विचारलं. खालच्या कोपऱ्यात, ती म्हणाली, तुझ्या हाताखाली.

मी हात उचलला. माझ्या मनगटाखाली बोटाच्या पेराएवढी बातमी. मला चष्म्यातूनही नीट दिसत नव्हती. डोक्यावर उभी असलेली ती बातमी ताई पलीकडून वाचून मोकळी झाली होती.

हे काही नवीन नव्हतं. तीस वर्षं ती माझा पेपर समोरून वाचते आणि माझ्याआधी संपवते. खिळ्यांची ओळ अशीच असते: डावीकडून उजवीकडे जाते, पण एकेक अक्षर पाय वर करून उभं. चौतीस वर्षं रोज आठ तास ती उलटीच अक्षरं वाचत आली आहे. मला हे माहीत होतं. माझ्या पेपरबद्दल मी तिच्यावर करवादते देखील, की माझ्यासाठी काही शिल्लक ठेव. पण माहीत असणं वेगळं आणि ते अंगावर येणं वेगळं. मी पेपर हळूच फिरवला, तिच्याकडून सुलट होईल असा केला.

ताई अडखळली. डोळे बारीक केले. “नीट धर की,” ती म्हणाली.

मी चहा घेतला. तोंड भाजलं.

तिला दगड उलटा दिसलाच नव्हता. तिने काही ठरवलं नव्हतं, माझ्यावर मेहेरबानी केली नव्हती. तिच्या डोळ्यांना जे उलटं तेच सुलट. ती सरळ मनाने विचारत होती, सुलट आहे ना? ज्या बाईला वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडून काहीतरी जाणून घ्यायचं होतं तिला मी

ती कामावर गेल्यावर मी वही उघडली. पान उलटलेलं होतं, म्हणजे तिने वाचलं होतं. ‘सूलट’ तसंच होतं. दीर्घ ऊकार तिच्या नजरेतून सुटणं शक्य नाही. असा ऊकार तिला जिन्यातूनही दिसतो. तिने पेन्सिल उचलली नव्हती.

*

तिच्या बाजूने:

(लिहून बघितलं. तीनदा खोडलं. तिच्या बाजूने मला लिहिता येत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या खुर्चीवरून खिडकी दिसत नाही, भिंतीवरचे नियम दिसतात, आणि मी दिसते.)

*

गुरुवारी बसमध्ये मी मनात म्हणत गेले. ताई, थोडी गंमत झाली. नको, गंमत नको. ताई, ओथलाचं काय आहे ना, काही पुस्तकांत असंही म्हटलंय की. नको, पुस्तकं मध्ये नकोत. ताई, मी तुला फसवलं. हे खरं होतं पण बसमध्ये बसून म्हणायला सोपं होतं. शेजारची बाई सरकून बसली, बहुधा माझे ओठ हलत होते. मी तिला सांगितलं, बहिणीकडे चाललेय. ती म्हणाली, मग काय, बोला की.

छापखान्यात शाईचा आणि खळीचा वास. ताई उंच स्टुलावर, पुढ्यात खिळ्यांच्या खणांचा उतरता लाकडी तक्ता, डाव्या हातात ओळ धरायची लोखंडी पट्टी. तिचा उजवा हात खणांवरून असा फिरतो की बघणाऱ्याला वाटावं ती दाणे वेचतेय. कवितांचं एक पुस्तक चाललं होतं, निम्मं झालं होतं. मागच्या खोलीच्या दारातून बाइंडर दिसत होते. सुया, दाभण, हाडाची सुरी असं एकेक कापडात गुंडाळत होते. मला बघून त्यांनी मान लववली, आणि मग दार थोडंसं ओढून घेतलं. पूर्ण नाही. तेवढी लबाडी त्यांच्यातही होती.

काय गं, इकडे कुठे, ताईने विचारलं.

“मंगळवारचा दगड उलटा होता.”

“सुलट होता.”

“माझ्या बाजूने सुलट होता. तू खुर्चीवर बसली होतीस.”

तिचा हात खणात तसाच राहिला. मग तो वर आला आणि तिने हवेत, तक्त्याच्या वर, बोटाने एक चौकोन काढला, त्याला दोन पाय काढले. मनातल्या मनात टेबलाभोवती फिरून माझ्या बाजूला आली, पुन्हा आपल्या जागी गेली. मी बघत होते. माझी इतकी हुशार बहीण, तिला दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

“मला तर सरळच दिसला,” ती म्हणाली.

मी म्हटलं, तुला सगळंच सरळ दिसतं. तुझा धंदाच तो. पण मला माहीत होतं. मला दिसत होतं की तुझ्या बाजूने तो उलटा आहे आणि तू विचारलंस तेव्हा मी हो म्हटलं. एवढं बोलून मी थांबले, कारण पुढचं बसमध्ये तयार केलं नव्हतं.

मशीनवाला मशीन पुसत होता. एक चाक त्याने चार वेळा पुसलं.

“का?” ताईने विचारलं. रागावलेली नव्हती. समासात प्रश्नचिन्ह करावं तसं विचारलं.

मी म्हटलं, “तू गेल्यावर मी भांडू कुणाशी?”

ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. तिने पट्टीतली ओळ अंगठ्याने घट्ट दाबून धरली, सांडू नये म्हणून, आणि पट्टी खाली ठेवली. मग विचारलं की उलट्याचा अर्थ काय लिहिलाय. मी म्हटलं, तूच छापलाय. ती म्हणाली, मी छापलाय, मजकूर तुझा. घर सुटेल, मी म्हटलं.

“सुटेल म्हणजे?”

म्हणजे सुटेल. जाईल. तो वाईट अर्थ आहे, मी म्हटलं, सांभाळा, असा. पण म्हणता म्हणताच माझा आवाज बारीक झाला. वीस वर्षांपूर्वी तो कागद लिहिताना मी शब्द निवडला नव्हता, हाताशी आला तो टाकला होता. ताईने मात्र तो एकेक खिळा उचलून जुळवला होता. स, उकार, ट. शब्द तिच्या बोटांतून गेला होता.

“गाडी सुटते ती वाईट असते का?” ती म्हणाली. “गाठ सुटते, गणित सुटतं, शाळा सुटते. शाळा सुटल्यावर तू रडत यायचीस की पळत?”

पळत, मी म्हटलं.

स्टुलावरून तिचे पाय जमिनीला पुरत नाहीत. एक पाय दुसऱ्यावर घासत होती, लहानपणी करायची तसं. मग अगदी साध्या आवाजात, चूक समजून घेत असल्यासारखी म्हणाली, “मंगळवारी मला सुलट दिसला तेव्हा मनात आलं, सुटलं नाही बाई आपलं घर. आणि मला इतकं वाईट वाटलं की मलाच कळेना. जेवणसुद्धा गेलं नाही. तुझी वही वाचली, सगळी अक्षरं सारखीच दिसत होती.”

म्हणजे तिच्या न जेवण्याला मी निर्णय झाल्याची खूण समजले होते, ते हे होतं.

मला दगडाचं खूप काही सांगता आलं असतं. उलट्या ओथलाबद्दल तीन पुस्तकांत तीन मतं आहेत. एकात म्हटलंय की आधी वाट्याला आलेलं सोडल्याशिवाय आपलं स्वतःचं घर दिसत नाही. दुसऱ्यात म्हटलंय की वादळ आहे, दारं लावा. तिसऱ्यात फक्त एक चित्र आहे. मी वीस वर्षं लोकांना त्यांच्या चेहऱ्याकडे बघून यातलं एक मत देत आले आहे. ताईच्या चेहऱ्याकडे मी मंगळवारी बघितलंच नव्हतं, मी दगडाच्या पायांकडे बघत होते. आता बघितलं. एकोणसाठ वर्षांची माझी बहीण, कपाळावर शाईचं बोट, वाट बघत होती की मी काय म्हणते. दगड काय म्हणतो ते नाही.

“जा,” मी म्हटलं.

“आणि तू?”

“माझं काय. मला सात वाजेपर्यंत माणसं असतात.”

“सातनंतर?”

सातनंतरचं मला माहीत नव्हतं. ते मी तसंच सांगितलं. म्हटलं, सातनंतरचं माहीत नाही, पण तुला इथे बांधून ठेवून ते मला कळणार आहे असं काही नाही. उलट रोज तुझं तोंड बघून वाटेल, ही जेवली का. यावर ताईचे डोळे भरले आणि ती म्हणाली, किती वाईट वाक्यं बनवतेस गं तू, आणि नाक पुसलं, तर नाकालाही शाई.

मागचं दार उघडलं. बाइंडर उभे होते, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. ऐकलं नाही असं दाखवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि तो जमला नाही. ताई स्टुलावरून उतरली. मी आता त्यांच्याशी बोलते, ती मला म्हणाली, तू जरा बाहेर थांब. मग दोन पावलं जाऊन परत वळली आणि म्हणाली, नाहीतर थांबच, कुणीतरी हवं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की हे कवितांचं पुस्तक निम्म्यावर आहे, दुसऱ्याच्या हातात देणार नाही, पाच आठवडे लागतील. त्यानंतर येते.

बाइंडरने मान हलवली. त्यांना बहुधा पुष्कळ बोलायचं होतं. ते म्हणाले, “चालेल. घार वाट बघेल.”

मशीनवाला चाकावर डोकं टेकवून हसत होता. भावोजी म्हणू का आता, मी विचारलं. ते म्हणाले, पुस्तक छापून होऊ दे.

*

शनिवारी साडेआठची गाडी. आम्ही दोघी त्यांना सोडायला गेलो. सामान कमी, दोन पेट्या, त्यातली एक हत्यारांची आणि न उचलवणारी. ताई त्यांच्याशी फार बोलली नाही. डब्याचा क्रमांक तपासला, तिकिटावरची तारीख तपासली. डबा हलला तेव्हा ती तीन पावलं चालत गेली, मग तिच्याच लक्षात आलं आणि थांबली.

परत येताना आम्ही चालत आलो. ती बोलायला लागली. तिथल्या खोल्या तीन आहेत. एकीत त्यांचं काम. एक राहायची. एक लहान आहे, तिची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, उजेड कमी, उन्हाळ्यात हवा नाही. ती खोली रिकामी ठेवायची असं त्यांचं नि तिचं ठरलंय. त्यांनी स्वतःहून काढलं, ती म्हणाली, मी नाही.

कशासाठी रिकामी, मी विचारलं.

“वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस,” ताई म्हणाली.

आम्ही रस्ता ओलांडायला थांबलो. पलीकडे दुकानं उघडत होती. मी विचारलं, वर्षातून किती. ती म्हणाली, सुरुवातीला दोनदा, मग बघू, दंतवैद्यांना विचार त्यांना किती दिवस जमेल. मी म्हटलं, त्यांना वर्षभर जमेल, त्यांची भीती मोठी आहे पण दात चांगले आहेत.

मग थोडा वेळ मी भिंतीवर उघडणाऱ्या खिडकीचा विचार केला.

“भिंत चालेल,” मी म्हटलं. “पण पंखा लागेल.”

ताईने तिथेच फुटपाथवर पिशवी गुडघ्यावर घेतली, चिठोरं शोधलं, पेन्सिल शोधली आणि लिहून घेतलं: पंखा. मग विचारलं, टेबलावरचा की छताचा.